आठ बाके आणि ओढ्यापलीकडची सात घरे

करंजवस्तीच्या देवळातली आठ बाके मला खरोखर काय भावाने पडली, ते आधी मांडतो. सागवान, दोन बैलगाड्या. माझे सत्तेचाळीस दिवस. डाव्या करंगळीचे अर्धे पेर. ओढ्यापलीकडची सात घरे. मंडळीत सूर धरता येणारा एकुलता एक माणूस. आणि पंधरा वर्षे. सन १९५७ मध्ये बाके देवळात ठेवली तेव्हा मी छाती काढून सांगितले होते, की मंडळीला ही फुकट पडली.

आता रीतीप्रमाणे.

मी, कानिफनाथ भिमाजी आल्हाट, वय वर्षे अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा सुतारकाम, राहणार करंजवस्ती, तिसगावजवळ, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणी गळ्याशी न बसता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, हृदय मोठे झाले आहे. माझी पत्नी साळूबाई गेल्या वर्षी वारली, ती असती तर म्हणाली असती, "झालं का एकदाचं?"

माझ्या नावाबद्दल कचेरीत कोणी शंका काढील, म्हणून लिहितो. आईने मढीच्या नाथाला नवस बोलून मला मिळवले, तेव्हा नाव कानिफनाथ ठेवले. पुढे घरदार ख्रिस्ती झाले. बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबांनी नवे नाव सुचवले, तर आई म्हणाली, "पोराला हाक मारली की पोरगं येतं, मग नाव कशाला बदलायचं?" तेव्हापासून देव आणि मी दोघेही याच नावावर चालवून घेतो.

सन १९६६ साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. ते वाचले तर वाटेल, की घर, दुकान आणि मंडळी अशा माझ्या तीन मिळकती होत्या.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. एक आमचे पाळक, रंगनाथ शिरसाठ, जे सात गावांच्या मंडळ्या सायकलवर सांभाळतात. दुसरी जागा मी बन्सी लक्ष्मण पाटोळे याच्यासाठी कोरी ठेवली आहे. सूर धरणारा तो हाच. वकिलांनी बजावले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिले तरी त्याला मिळत नाही. म्हणूनच मला बन्सी हवा. त्याला माझ्याकडून काही मिळणार नाही, तरी त्याने यावे, आणि सही देवळात बसून करावी. पंधरा वर्षांत त्याने देवळाचा उंबरा ओलांडलेला नाही. मी निरोप धाडला. उलट निरोप आला, "आधी कागद वाचीन. मग बघू." त्याच्याशिवाय दुसरे साक्षीदार मला शेकड्याने मिळतील. मी घेणार नाही.

कलम १. राहते घर, तीन खणांचे, ओसरीसह. मुलगा उत्तम, जो राहुरीला फिटर आहे, आणि मुलगी सुमन, जी संगमनेरला शाळेत शिकवते, या दोघांना निम्मे निम्मे. पोरीला दिले-घेतले, आता घर कशाला, असे जे म्हणतील त्यांनी त्यांच्या पोरींना तसे करावे. दोघांपैकी कोणी इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. भांडायला तरी इथे यावे. मृत्युपत्राचा अंमल सुमनने करावा. तिला 'नाही' म्हणता येते. उत्तम 'बघू' म्हणतो.

कलम २. माझे दुकान. रस्त्याकडे दार, मागे तुराट्यांचा कूड आणि कुडापलीकडे वस्तीचा आड. सगळी वस्ती पाण्याला तिथे येते आणि दोर ओढता ओढता मन मोकळे करते. या आडावर तीस वर्षांत बोललेले एकही वाक्य माझ्या कानातून सुटलेले नाही. बढाई मारत नाही, आहे ते लिहितो. सुताराचे चित्त लाकडात असते असे लोकांना वाटते. मी रंधा थांबवायचा, कान द्यायचा, आणि ऐकलेले तिथल्या तिथे जाड पेन्सिलीने लाल वहीत टिपायचे. तारीख, नाव, वाक्य.

सन १९५१ पासून मी मंडळीचा प्रमुख पंच आहे. पंचांच्या सभेला जाण्याआधी मी वही चाळत असे. कोण कोणाला काय बोलले, कोणाचे कुठे दुखते, सगळे हाताशी असे. मग सभेत एखाद्याने आवाज चढवला, की मी फक्त म्हणायचे, "गेल्या महिन्यात आडावर तुमचे मत वेगळे होते." माणूस खाली बसायचा. माझ्या विरोधात कधी हात वर झाला नाही. मी त्याला मंडळीची एकी म्हणत असे आणि पाहुणे आले की त्यांनाही सांगत असे.

दुकानाची जागा मी मंडळीला देतो. अट एकच, मागचा कूड पाडावा आणि पुन्हा बांधू नये. आत कोण बसले आहे, ते आडावरून दिसले पाहिजे.

इथे वकिलांनी अडवले. माझ्यासारख्याला मुलेबाळे असताना देवकार्याला मिळकत द्यायची, तर मृत्युपत्र मरणाआधी निदान बारा महिने झालेले हवे, आणि सहा महिन्यांत सरकारी कचेरीत ठेवलेले हवे, असा ख्रिस्ती लोकांना कायदा आहे. म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत जगणे मला भाग आहे. न जमल्यास जागा मुलांकडे जाईल, आणि त्यांनी ती मंडळीला द्यावी की नाही ते त्यांच्या मनावर. कूड मात्र मी उद्याच पाडतो, त्याला कायदा आडवा येत नाही.

कलम ३. लाल वही. तिची हकीकत लिहिल्याशिवाय तिची विल्हेवाट समजणार नाही.

देवळात पूर्वी सगळे सतरंजीवर बसत. मी बाके केली ती आठ. ओढ्याअलीकडची माणसे मोजली आणि तेवढी केली. पलीकडची सात घरे माझ्या मोजणीत आली नाहीत. ख्रिस्ती होण्याआधी आमच्या जातीचा वाडा वेगळा आणि त्यांच्या जातीचा वेगळा होता. पाणी पडले, बाप्तिस्मे झाले, ओढा तिथेच राहिला. मी मुद्दाम केले का? नाही. पण माझी फूटपट्टी ओढ्याशी येऊन थांबली, आणि मला ते जाणवलेही नाही, हे मुद्दाम करण्याहून बरे आहे असे मला आता वाटत नाही. पहिल्या रविवारी आम्ही बाकांवर बसलो. ते मागे, सतरंजीवर.

त्याच आठवड्यात आडावर बन्सी बोलला, "बाकं आली, अन् त्याच्यासंगं जात बी देवळात येऊन बसली." मी टिपले. तीन महिन्यांनी, सन १९५८ च्या वार्षिक सभेत, अख्ख्या मंडळीपुढे मी वही उघडून ते वाक्य वाचले.

"बन्सी, हे तू बोललास की नाही?"

"बोललो."

"मग माझ्या माघारी का? माझ्यासमोर बोलायला काय झाले होते?"

"बोललो की भाऊ," म्हणाला.

मला तो उद्धटपणा वाटला. मी ठराव मांडला, की बन्सीने मंडळीची माफी मागावी, तोवर त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही. हात वर झाले. सगळे झाले, नेहमीप्रमाणे. बन्सी उठला, मंडळीची ढोलकी त्याच्याकडे असे ती आणून पहिल्या बाकावर ठेवली, आणि बाहेर गेला. मागोमाग सतरंजी रिकामी झाली. पुढच्या रविवारपासून ते ओढ्यापलीकडे बाभळीखाली उपासना करू लागले. आमच्याकडे ढोलकी होती, वाजवणारा नव्हता. आम्ही गायचो तेव्हा साळूबाई पदर तोंडाला लावायची. मी समजत असे, भक्तीने भरून आले.

या वहीबद्दल मी आधी असे लिहिले होते, की माझ्या माघारी सुमनने ती न वाचता चुलीत घालावी, उत्तमच्या हाती देऊ नये, कारण तो आधी वाचेल. त्या चार ओळी खोडल्या आहेत. खोडाखोड माझी आहे आणि शेजारी सही आहे. का खोडल्या ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. हत्यारे. वाकस, दोन पटाश्या, लहान करवत आणि बाभळीचे तासलेले सगळे तुकडे ओढ्यापलीकडच्या लंकाबाईला. ती विधवा आहे, माझी कोणी लागत नाही, आणि तिला हे का, असे उत्तम विचारणार, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीच्या दुष्काळात सगळी वस्ती सरकारी कामावर, रस्त्याची खडी फोडायला गेली. दुकान बंद पडले, कारण पाणी नसताना दार-खिडकी कोण करून घेतो? मीही गेलो आणि हातोड्या-टिकावांना दांडे बसवायला बसलो. दुसऱ्या दिवशी लंकाबाई हातोडा घेऊन पुढ्यात उभी.

"भाऊ, ह्यो दांडा कुनासाठी केलाय?"

"सगळ्यांसाठी."

"सगळे म्हंजी बापेच का? माझ्या मुठीत मावत न्हाई. दिसभर आवळून धरायचा, अन् सांजच्याला भाकर थापाय गेलं की बोटं वळत न्हाईत."

चाळीस वर्षे मी दांडे केले, ते माझ्या मुठीच्या मापाचे. मी म्हटले, "हे मला आजवर कोणी सांगितले नाही."

"तुमाला सांगायचं म्हंजी वहीत जायचं," ती म्हणाली, आणि हातोडा माझ्या मांडीवर ठेवून उन्हात उभी राहिली. मी तिथल्या तिथे दांडा तासून बारीक केला. संध्याकाळपर्यंत तीस बायांची रांग लागली. शेवटी तीच शेजारी बसून तासू लागली. आता ती माझ्याहून चांगले दांडे करते, आणि मला तसे सांगतेही.

मोठा रंधा कोणाला द्यायचा ते ठरले नाही. तूर्त उत्तमकडे राहू द्यावा.

कलम ५. जे माझे नाही त्याबद्दल. मंडळीच्या प्रमुख पंचाची जागा ही माझी मिळकत नव्हे आणि ती उत्तमला वारसाने जात नाही. "कानिफभाऊच्या मागं उत्तमच," असे काही जण आत्ताच बोलू लागले आहेत. त्यांनी गप्प बसावे, आणि उत्तमने त्याहून गप्प बसावे. पंच तीन वर्षांसाठी निवडावा, मग त्याने उतरावे. मी बावीस वर्षे बसलो, कारण उतरायला कोणी सांगू शकत नव्हते. आता येत्या नाताळात मी उतरतो.

पंच कसा असावा, हे मी खडीवर पाहिले. दुपारच्या सुटीत पलीकडची सात घरे गोल करून बसत. मी दहा पावलांवर दांडे तासत असे. प्रार्थनेआधी बन्सी रोज विचारायचा, "माझ्याबद्दल कुनाला काय बोलायचं हाय का?" मला वाटले, रीत म्हणून विचारत असेल. एके दिवशी लंकाबाई म्हणाली, "हाय. काल मुकादम मला वाट्टंल तसं बोलला. तुमी शेजारी हुता. तोंड उघडलं न्हाई."

माझे तासणे थांबले.

बन्सी म्हणाला, "व्हय. भ्यालो मी. काम जाईल वाटलं."

"मग?"

"आत्ता जातो त्याच्याकडं. तू बी चल."

"चला. पन आधी भजन म्हना. तेवढं तरी तुमी न भिता म्हनता."

सगळे हसले, बन्सीही हसला, आणि त्याने सूर धरला. प्रमुखाने चारचौघांत 'भ्यालो' म्हणावे, आणि तरी कोणी उठून जाऊ नये, हे मी सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिले. मी 'चुकलो' म्हटले असते तर आमची मंडळी कोसळेल, असे मी बावीस वर्षे धरून चाललो होतो.

गेल्या नाताळानंतर मी आमच्या देवळात तेच करून पाहिले. बाकावरून उतरून सतरंजीवर बसलो आणि म्हटले, "माझ्याबद्दल बोला." अर्धा तास कोणी बोलले नाही. शेवटी भीमाबाई, जी माझ्या आईच्या मागे वस्तीत सगळ्यांत थोरली, म्हणाली, "कानिफ, तुझी प्रार्थना लई लांबती. मी चुलीवर कालवन ठिवून येते, त्ये दर येळी करपतं." मी म्हटले, बरे, आखूड करतो. आणखी बोला. कोणी हलेना. तेव्हा तीच म्हणाली, "वही कुठाय तुझी?"

"पेटीत, हत्यारांखाली."

"मग काय बोलायचं, बाबा?" असे म्हणून ती काठी टेकत निघाली, कालवणाकडे.

म्हणून त्या चार ओळी खोडल्या. मेल्यावर वही जाळायला सांगणे म्हणजे मरेपर्यंत ती पेटीत ठेवणे. ती मी याच कागदाच्या सहीच्या दिवशी, देवळापुढे, न उघडता जाळीन, सही बन्सी करो वा न करो. इतके दिवस का जाळली नाही? वहीवाचून लोक माझे ऐकतील की नाही, याची खात्री नव्हती. अजूनही नाही.

कलम ६. माझे दफन. दुकानाच्या माळ्यावर सागवानाच्या अकरा फळ्या आहेत. त्या मी माझ्या शवपेटीसाठी निवडून ठेवल्या होत्या, कारण सुताराने दुसऱ्याने केलेल्या पेटीत जावे हे मला बरे वाटत नव्हते. आता त्या मी हयातीतच मंडळीला देतो. त्यांची तीन बाके होतात. सात घरांना पुरतात, मी मोजले आहे, या वेळी ओढा ओलांडून घरोघरी जाऊन. ते येऊन म्हणाले, की आम्हाला बाके नकोत, सगळेच सतरंजीवर बसू, तर आधीची आठही काढावीत. दोन्हीपैकी काय ते मंडळीने समोरासमोर बोलून ठरवावे. मी मत देणार नाही. मला मत आहे, पण देणार नाही.

मला साळूबाईने शिवलेल्या गोधडीत पुरावे, तिच्या शेजारी. तिची कबर खणायला गेल्या वर्षी अलीकडचे कोणी नव्हते, सगळे खडीवर. बन्सी आणि चौघे जण पहारी घेऊन आले, दुष्काळाने दगड झालेला मुरूम त्यांनी दुपारपर्यंत फोडला, आणि चहा न घेता गेले. मी फाटकापर्यंत गेलो होतो. काय बोलावे ते सुचले नाही. जे बोलायला हवे होते, ते हा कागद आहे.

माझ्या दफनाला बन्सीने गावे. तो नसेल तर कोणी गाऊ नये.

कलम ७. राहिलेली देणी-घेणी मनातली. बाकांसाठी मला ओले सागवान विकणाऱ्या व्यापाऱ्याला मी क्षमा केली आहे. तरी त्याच्याकडून कोणी लाकूड घेऊ नये. १९५८ च्या ठरावाला हात वर करणाऱ्यांना माझा काही दोष नाही, ते हात मीच वर केले होते. तो ठराव चुकीचा होता. माफी मागायची होती ती मी. बन्सी, मी ती इथे लिहून मागतो, आणि तू आलास तर तोंडी मागीन.

ठिकाण : करंजवस्तीचे देऊळ. शनिवार, ता. १५ सप्टेंबर १९७३.

सही करण्याआधी आजचे चार शब्द जोडतो. वही सकाळी दहाला जाळली. लंकाबाईने माझ्याच दुकानातल्या ढलप्या आणून पेटवली. वही जळायला वेळ लागला, कागद चांगला होता. बन्सी तोवर फाटकाबाहेर उभा होता. मग आत आला. मी तोंडी मागायचे ते मागितले. त्याने कागद उभ्याने वाचला, नंतर पहिल्या बाकावर बसून पुन्हा वाचला. मग म्हणाला, "सही करतो. पन कलम दोन खोटं हाय. त्याच्याबद्दल मी दोन वळी लिहिनार." पाळकांनी सांगितले, की साक्षीदाराने असे काही लिहायची रीत नाही. मी म्हटले, लिहू द्या, आणि तो काय लिहितो ते आम्ही माझ्या सहीनंतर वाचू.

(सही) कानिफनाथ भिमाजी आल्हाट

वरील सही लिहून ठेवणाराने आम्हा दोघांसमोर केली, आणि आम्ही त्याच्यासमोर केली.

साक्षीदार १. (सही) रंगनाथ शिरसाठ, पाळक

साक्षीदार २. (सही) बन्सी लक्ष्मण पाटोळे

साक्षीदार २ याच्या हाताने : कलम दोनबाबत. कानिफभाऊंचा रंधा थांबला की ते ऐकत आहेत, हे वस्तीत लहानथोर सगळ्यांना माहीत होते. त्यांना जे ऐकवायचे असे, ते लोक तेव्हा बोलत. बाकीचे सगळे रंधा चालू असताना. बाकांचे मी बोललो, तेव्हा रंधा थांबलेला होता.